पणजीला जाण्याआधी एक वही घे

पोरा, आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला, पैशाचं ऑनलाइन पोकर बंद पडलं, विश्रामबागच्या खोलीतले तुझे दोन मॉनिटर थंडावले. आता मिरजेहून गोवा एक्स्प्रेस धरून मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटी गाठायच्या म्हणतोस. पत्र चार पानांचं. त्यात बटनवरून, म्हणजे सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवरून, कुठले पत्ते खेळायचे यावर साडेतीन पानं, आणि हिशेब कुठे ठेवणार यावर एक ओळ नाही. तिथेच माझं डोकं फिरलं.

ऑनलाइनला तुझी वही सॉफ्टवेअर लिहायचं. प्रत्येक डाव, प्रत्येक चिप, तू किती वेळा खेळात उतरलास त्याचा टक्का, सगळं आपोआप. बोटीवर हे कुणी लिहीत नाही. आठ तास बसून उठलेल्या माणसाला विचार, "थोडा वर आहे" एवढंच सांगेल. तो खोटं बोलत नसतो, त्याला माहीतच नसतं. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा अडत्या पोत्यागणिक नोंद करतो ते हौसेने करत नाही. तर दोनशे पानी वही घे, मोबाइलमधलं अॅप नको. रकाने असे: तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या रकमा, एक लहान, एक मोठी), किती आणले, किती परत नेले, टिप, प्रवास, खोली. प्रवास आणि खोली तू गाळणार हे मला आत्ताच दिसतंय. गाळू नकोस.

आता वेग. तू चार टेबलं एकदम खेळायचास, टेबलामागे तासाला सत्तर डाव धरले तरी 280. तिथे माणूस पत्ते पिसतो, माणूस चिप मोजतो, कुणीतरी जेवणाची ऑर्डर देतो. तासाला 25 ते 30 डाव झाले तर खूप. म्हणजे आठ तासांची अख्खी रात्र तुझ्या जुन्या एका तासाएवढीही भरत नाही. याचा अर्थ नीट घे. समज, तू खरंच चांगला आहेस आणि ताशी 5 बिग ब्लाइंड कमावतोस. 100-200 च्या टेबलावर बिग ब्लाइंड 200 चा, म्हणजे शंभर तासांत एक लाख. दर शंभर डावांमागे चढउतार 90 बिग ब्लाइंड धरला, तर त्याच शंभर तासांतला चढउतार साधारण 94,000 चा निघतो. म्हणजे तुझ्यासारखे सात चांगले खेळाडू बसवले तर शंभर तासांनंतरही त्यातला एक तोट्यात असतो, आणि त्याचा खेळ चुकलेला नसतो. उलट, नशिबावर वर आलेला एखादा भिकार खेळाडूही असतोच. तू यातला कोणता हे पहिल्या चार खेपांत कळणार नाही. वहीत तास भरले तरच कधीतरी कळेल.

खुर्चीचं भाडं मोज. दर पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, कॅसिनो आपला वाटा कापतो तो रेक. त्याची पाटी बसण्याआधी वाच: टक्का किती, जास्तीत जास्त किती कापतात, फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते) पडलाच नाही तर कापतात का. समज पाच टक्के आहे आणि सरासरी पॉट 5,000 चा. नऊ जणांत ताशी तीन पॉट तुझ्याकडे येतील, म्हणजे रेक 750. डीलरला टिप दर पॉटमागे 50 ते 100. झाले ताशी 900 ते 1,050, म्हणजे साडेचार-पाच बिग ब्लाइंड. एवढं आधी भरून मग तुझी कमाई सुरू होते.

आणि कर. कॅसिनोत चिपसाठी भरलेल्या रकमेवर जीएसटी 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे. पोकर रूममध्ये तो तुझ्या बाय-इनला, म्हणजे टेबलावर बसताना आणायच्या रकमेला, कसा लागतो, हे पहिली चिप हातात घेण्याआधी कॅशियरला विचार आणि पावती माग. तो आतूनच वळता होत असेल, तर 20,000 देऊन हातात 14,286 च्या चिप येतात. तसं असेल तर डोळे मिटून परत फीर. जगातला कुठलाही खेळाडू तो खड्डा भरून काढू शकत नाही. वर जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट 30 टक्के, सेस धरून 31.2, आणि हरलेल्या रात्रींची वजावट नाही. उपजीविका म्हणून हे धरायचं म्हणतोस ना? हा हिशेब आधी मांड, मग परत म्हण.

पैसा किती लागतो? बाय-इन शंभर बिग ब्लाइंडचा म्हणजे 20,000, असे निदान तीस: सहा लाख. तुझ्याकडे दीड आहेत. एका खेपेला दोन बाय-इन न्यायचे, ते गेले की परतीची गाडी. एटीएम कार्ड खोलीवर. तासगावला वडिलांच्या बेदाण्याचा सौदा झाला की घरात येणारा पैसा तुझा नाही, तो 'उसना' या नावानेही तुझा होत नाही. वहीत 'उसने' असा रकाना मी मुद्दाम दिलेला नाही.

मळ्यातल्या शेडमध्ये, फार्महाऊसवर 'आपलीच माणसं' बसतात, तिकडे जाऊ नकोस. 1887 च्या जुगारबंदी कायद्याखाली धाड पडते ते एक, शिवाय तिथे पाटी नाही, पावती नाही, खेळ उधारीवर. उधारीचा डाव वहीत लिहिताच येत नाही.

आता हातांबद्दल, कारण पहिल्या रात्री तुझे हात तुला फसवणार. स्क्रीनवर नियमाबाहेरची चाल करताच येत नव्हती. इथे तोंडातून 'कॉल' (समोरच्याएवढेच भरणं) निघालं की कॉल झाला. 200 चा कॉल असताना एकच 1,000 ची चिप काही न बोलता टाकलीस तर ते रेझ (रक्कम वाढवणं) धरत नाहीत, कॉल धरतात. रेझ करायचा असेल तर आधी आकडा बोल, मग एका खेपेत चिप पुढे सरकव. थोड्या टाकून पुन्हा आणायला गेलास तर दुसरी खेप परत जाते. पत्त्यांवर एक चिप ठेवून दे, नाहीतर डीलर टाकलेले समजून ओढून घेतो आणि मग भांडून उपयोग नाही. पॉट सरकत तुझ्यासमोर येईपर्यंत पत्ते हातातून सोडू नकोस. मोठ्या चिप पुढे, सगळ्यांना दिसतील अशा. डाव चालू असताना खिशातून पैसे घालता येत नाहीत आणि टेबलावरच्या चिप खिशात टाकता येत नाहीत.

पत्ते तुझी पाळी येईपर्यंत बघूच नकोस. तोवर डावीकडच्या माणसांचे हात बघ: कुणी चिप उचलून तयार आहे, कुणी पत्ते टाकायच्या बेतात आहे. पाळी आली की दोन्ही अंगठ्यांनी कोपरे उचलून एकदाच बघायचं आणि लक्षात ठेवायचं. तीन एकाच रंगाचे पत्ते पडल्यावर पुन्हा वाकून बघणारा माणूस फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) नसल्याची पाटी गळ्यात घालून बसलेला असतो. पॉटचा आकडाही कुठे लिहिलेला नसतो, तो मनात बिग ब्लाइंडमध्ये जोडत जायचा. घरी सराव कर. चिप नसतील तर चिंचोके घे, पण मोठ्याने मोज.

खेळात बदल एकच मोठा. ऑनलाइन अडीच ब्लाइंडच्या रेझला दोघे उरायचे, इथे पाच-सहा ब्लाइंडला चार जण येतात, कारण ते लांबून आलेत ते पत्ते टाकायला नव्हे. 3,000 च्या पॉटमध्ये 2,000 ची थाप मारलीस तर ती 40 टक्के वेळा चालली पाहिजे. समोर एकच माणूस असेल आणि तो 60 टक्के वेळा सोडत असेल, तर ठीक. समोर तिघे असतील तर तिघांनीही सोडायला हवं, 0.6 ला 0.6 ने दोनदा गुण: 21.6 टक्के. संपलं. म्हणून थापा कमी, चांगले पत्ते असताना बेट मोठा. राजा-गुलाम वेगवेगळ्या रंगाचे टाकून दे. छोट्या जोड्या स्वस्तात बघ, साडेआठ वेळा बघितल्यावर एकदा फ्लॉपवर त्याच आकड्याचा तिसरा पत्ता मिळतो, आणि मिळाला की चौघांकडून वसूल होतं. सारखा रेझ मारणारा माणूस तुझ्या उजव्या हाताला हवा, म्हणजे तो आधी बोलेल. अशी जागा रिकामी झाली की डीलरला सांगून बदलून घे, लाजू नकोस.

पोकर रूममधून बाहेर पडलास की मध्ये रूलेटची टेबलं लागतात. 37 घरांच्या चाकावर दर शंभरामागे 2.70 रुपये त्यांचे, दोन शून्यं असली तर 5.26. वर दारू प्रवेशाच्या पैशांतच. पोकरमध्ये आठ तासांत जमवलेलं माणसं तिथे वीस मिनिटांत ठेवतात, आणि घरी सांगताना 'पोकरमध्ये गेले' म्हणतात. म्हणून उठल्याची वेळ आणि रक्कम खुर्चीवरून उठतानाच लिहायची. गाडीत नाही, खोलीवर नाही.

मला हेकट म्हणतात, वहीवाला म्हणून चिडवतात. चिडवू देत. मी वही उशिरा धरली, त्याआधीची वर्षं फायद्यात होती की तोट्यात हे आजही सांगता येत नाही, आणि हीच एक गोष्ट मला बोचते. बाकी माझा खेळ कुणाहून कमी होता असं मी मानत नाही. पण बघ, हे म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही.

तुला 21 पूर्ण आहेत, म्हणून एवढं लिहिलं. जायचं की नाही ते तू ठरव. गेलास तर पहिल्या खेपेच्या पानाचा फोटो पाठव. फक्त रकाने. एक्क्यांची जोडी कशी फुटली ती कहाणी नको, आणि टिपचा रकाना रिकामा दिसला तर उत्तर देणार नाही.