घटस्फोटात नवऱ्याच्या पीएफचा अर्धा वाटा मिळतो का? आम्ही कुडाळचे, हिंदू पद्धतीने लग्न.

आपोआप नाही, ताई. गोव्यात तिथल्या कायद्याने लग्न झालं आणि आधी वेगळा करार नसेल, तर मिळकत निम्मी-निम्मी धरतात. पत्रादेवीची हद्द ओलांडून इकडे महाराष्ट्रात, बांद्याकडे, झालेल्या लग्नांना तो नियम नाही. इकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कोर्ट कायमची पोटगी ठरवतं. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालामुळे पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात पीएफ आलाय ना ते वकिलाकडून तपासून घ्या. पीएफवर सहसा जप्ती येत नाही. म्हणून संमतीने सुटत असाल तर रक्कम आणि तारीख अर्जातच लिहून घ्या. ‘रिटायर झालो की देतो’ याला काडीची किंमत नाही. जॉइंट खातं ‘दोघांपैकी कोणीही’ असेल तर एकट्याच्या सहीवर पैसे देऊ नका, असं बँकेला आजच लेखी पत्र द्या. दागिने, म्हणजे स्त्रीधन, तुमचंच.