वाचकांचे प्रश्न : बालवाडीतला मोकळा तास

प्रश्न : मी एका गावातील बालवाडीत शिकवते. आजवर आमच्या वर्गात सगळी मुले एकाच वेळी एकच काम करीत असत. यंदा संस्थेने सकाळचा पहिला तास मुलांनी स्वतः निवडलेल्या खेळांसाठी ठेवायला सांगितले आहे. मुले चारी दिशांना पांगतात, वस्तूंवरून भांडतात, आणि पालक रोज विचारतात, “बाई, अक्षरे कधी गिरवून घेणार?” तीन-चार वर्षांच्या मुलांवर एवढा भरवसा ठेवता येतो का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ठेवता येतो, आणि आपल्याकडे तो फार पूर्वी ठेवला गेला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेव्हा माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य परवडण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनी बिया, पाने, शंखशिंपले, खडे अशा परिसरात सापडणाऱ्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. आणि जी मुले शाळेपर्यंत येत नव्हती, त्यांच्या पाड्यावर, त्यांच्याच अंगणात शाळा भरवली. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ या वयासाठी खेळालाच शिकण्याचा मुख्य मार्ग मानले आहे. तुमच्या संस्थेचा निर्णय योग्य आहे. फक्त तो अमलात आणण्याआधी वर्गाची मांडणी बदलायला हवी होती, आणि ती अजूनही बदलता येईल.

गोंधळाचे कारण बहुधा असे असते की, कपाटातले सगळे साहित्य एकदम बाहेर येते. सुरुवातीला चार-पाचच कामे मांडा. प्रत्येक काम वेगळ्या ताटलीत आणि मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवा, आणि जिथून उचलले तिथेच परत ठेवायचे, एवढा एकच नियम कटाक्षाने पाळा. नवे काम देताना फार न बोलता, सावकाश, एकदा करून दाखवा. पाण्याचा छोटा तांब्या, दोन पेले आणि एक फडके एवढे साहित्य पाहा. पहिल्या खेपेला मूल तांब्या झटक्याने कलंडवते आणि पाणी सांडते. ते स्वतः पुसते, पुन्हा भरते. काही दिवसांनी त्याचा दुसरा हात आपणहून तांब्याच्या बुडाशी जातो, नजर पेल्यातल्या चढत्या पाण्यावर खिळते आणि काठाच्या जरा खाली असतानाच धार थांबते. या वेळी आपण “सांभाळून, सांडेल!” म्हणालो, तर त्याची नजर पाण्यावरून उठून आपल्याकडे येते, म्हणून तेवढा वेळ गप्प राहणे हेच शिक्षिकेचे काम असते, आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड आहे.

भांडणातही लगेच मध्ये पडू नका. मारामारीची वेळ आली तर अर्थातच थांबवा, एरवी जवळ उभ्या राहून पाहा. पुष्कळदा मुलेच पाळी ठरवतात. मात्र चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू तुमच्या नजरेसमोरच राहू द्या, कारण या वयात त्या नाकातोंडात जातात.

पालकांना समजावताना हाताविषयी सांगा. जन्मतः मनगटाची हाडे कूर्चेचीच, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी लवचीक असतात आणि ती कित्येक वर्षे हळूहळू टणक होत जातात. शेंगा सोलणे, मणी ओवणे, माती मळणे, बटणे लावणे यांतून बोटांची पकड तयार होते आणि पुढे पेन्सिल धरायला तीच पकड लागते. शिवाय रोज एका पालकाला अर्धा तास वर्गात बसवा आणि फक्त पाहायला सांगा.

प्रश्न : माझी चार वर्षांची नात बालवाडीत स्वतःच्या हाताने डबा खाते, पण घरी मात्र भरवावे लागते. असे का?
— एक आजी, पुणे

उत्तर : आजी, बालवाडीत तिला वेळ मिळतो आणि सांडले तरी चालते, म्हणून ती तिथे स्वतः खाते. घरीही तिला सर्वांबरोबर जेवायला बसवा, ताटात थोडेच वाढा, आणि पोळीचा पहिला तुकडा तिलाच मोडू द्या. आठवडाभर जेवण जरा कमी-जास्त झाले, तरी भरवायला हात पुढे करू नका. तिला आणखी हवे असेल तेव्हा ती मागेल. त्या वेळी वाढा.