लळिंग घाटात धापा

प्रश्न : माझी १९६७ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार) लळिंग घाटात धापा टाकते. थोडक्या पैशांत ताकद वाढेल का? नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकू का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : भाऊ, कॅमशाफ्टचं खूळ आधी डोक्यातून काढा. हरवलेली ताकद शोधा, ती फुकटात जमा आहे. सकाळी थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) व्हॉल्व्हचा गॅप ०.३८ मिमी लावा, ठिणगीची वेळ साधणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचाही तेवढाच. मग हवा-पेट्रोल मिसळणारे दोन्ही एसयू कार्बोरेटर. त्यांच्यावरच्या डॅशपॉटची (तेलाच्या नळकांड्याची) टोपी उघडा. माझ्या जळगावच्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक गाड्यांत तिथं तेलाचा थेंब नसतो! वीस नंबरचं ऑइल घाला. आता इंजिन सुरू करून रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. फुसफुस दोन्हीकडे सारखी ऐकू येईपर्यंत थ्रॉटलचा स्क्रू फिरवा. मला यंत्रापेक्षा कानाचाच भरवसा.

पेट्रोलच्या जुन्या नळ्या मात्र बदलाच. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं. गेल्या वैशाखात माझीच नळी एरंडोलजवळ पाझरली, दोन तास निंबाखाली बसलो.

एवढं करूनही चढाला दम लागला, तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून आकडे कळवा.