जुन्या स्लाइड्समधले डिस्नेलँडच्या जंगल सफरीतले हत्ती खरे आहेत का? आणि साल कसं ओळखायचं?

नाही, खरे नाहीत. तुमच्या आत्याच्या पेटीतल्या स्लाइड्सचं (म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मवरच्या फोटोंचं) तुम्ही केलेलं वर्णन (लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छताची बोट, तळ्यात डुंबणारा हत्तींचा कळप, पाण्यातून डोकं काढणारे पाणघोडे) कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमधल्या 'जंगल क्रूझ'शी तंतोतंत जुळतं. ही सफर १७ जुलै १९५५ला, उद्यानाच्या पहिल्याच दिवशी सुरू झाली.

वॉल्ट डिस्नेला आधी जिवंत प्राणीच हवे होते. पण दिवसा ते झोपतील नाहीतर झाडीत दडून बसतील, मग प्रत्येक बोटीतल्या लोकांना दिसणार कसे, असं जाणकारांनी त्याच्या लक्षात आणून दिलं. म्हणून बॉब मॅटी या यंत्रकरामती माणसाकडे प्राणी घडवायचं काम गेलं. हॉलिवूडच्या 'जॉज' चित्रपटातला तो प्रसिद्ध यांत्रिक शार्कही पुढे त्यानेच बनवला. या प्राण्यांच्या हालचाली अगदी मोजक्या: मगरीने जबडा उघडायचा, पाणघोड्याने वर यायचं आणि पुन्हा बुडायचं. बोट पुढे सरकत असते, त्यामुळे कुठलाही प्राणी काही क्षणच दिसतो आणि तेवढ्यात ते पुरतं. पाणी मुद्दाम रंग घालून गढूळ ठेवलेलं असतं, म्हणून खालची यंत्रं आणि बोट ज्यावर चालते तो रूळ दिसत नाही.

तुम्हाला फोटोत हत्ती खरे वाटले, यात नवल नाही. प्रत्यक्षात तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा दिसली की यंत्र कळतं. फोटोत ती थांबलेली असते. दोन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवून बघा, तोच हत्ती त्याच जागी त्याच ऐटीत उभा सापडेल.

आता सालाबद्दल. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि वर्ष छापलेलं आहे का, ते आधी बघा. कोडॅकच्या प्रयोगशाळा ते बऱ्याचदा छापत. मात्र ती तारीख फिल्म धुतल्याची असते, फोटो त्याआधीचा. तारीख नसेल तर हत्तीच साक्ष देतात: हे डुंबणारे भारतीय हत्ती डिस्नेचा कलाकार मार्क डेव्हिस याच्या कल्पनेतून १९६२मध्ये आले, म्हणजे तुमचे फोटो त्याआधीचे असूच शकत नाहीत. खांबावर चढून बसलेली माणसं आणि खाली शिंग रोखलेला गेंडा एखाद्या स्लाइडमध्ये असेल, तर ती १९६४ किंवा नंतरची. आत्या फ्लोरिडालाही गेल्या असतील तर जरा जपून. १९७१पासून तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्येही अशीच सफर आहे. तिथे बोट पडक्या देवळाच्या आतून जाते.

मला स्वतःला प्राण्यांपेक्षा मागची झाडी बघायला आवडते. डिस्नेलँडची झाडी लावणाऱ्या बिल इव्हान्सने हे जंगल अक्षरशः उभं केलं. संत्र्याची झाडं उलटी पुरून त्यांची मुळं वेड्यावाकड्या फांद्यांसारखी वर काढली होती! पहिल्या वर्षांच्या फोटोंत झाडी विरळ दिसते, पुढे ती इतकी दाटली की वर आभाळ जेमतेम दिसावं. माणसांच्या आठवणीत ही वाढ राहत नाही, फोटोत राहते. म्हणून ज्या स्लाइडमध्ये प्राणी हुकलाय आणि नुसता काठ आलाय, तीही टाकू नका.

आदिवासींचे पुतळेही काही फोटोंत असतील. ते चित्रण अपमानास्पद होतं, आणि २०२१मध्ये ते काढलं गेलं हे योग्यच झालं. तरी त्या स्लाइड्स ठेवा, सोबत एक ओळ लिहून. तेव्हा काय खपत होतं याचा तो पुरावा आहे.

स्कॅन करताना चौकटीसकट करा. आणि बोटीवरचं नाव वाचता आलं तर इथे जरूर लिहा. या बोटींना नद्यांची नावं होती, त्यात आपल्या गंगेवरून ठेवलेली 'गँजेस गॅल'ही होती.