वाचकांचे प्रश्न : कन्सोलवर डिस्क आणि चित्रपट

प्रश्न : आमच्याकडे डिस्क-ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ आहे. जुना डीव्हीडी प्लेयर बंद पडल्यापासून आम्ही चित्रपट त्यावरच पाहतो; मात्र गाण्यांची सीडी घातली की ती वाचलीच जात नाही. ड्राइव्ह बिघडला असेल का? वेगळा प्लेयर घ्यावा का?

उत्तर : ड्राइव्ह बिघडलेला नाही. प्लेस्टेशन ३ वर गाण्यांची सीडी ऐकता येत असे. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ती सोय नव्हती आणि प्लेस्टेशन ५ मध्येही ती नाही. सीडींचा संग्रह आपण खरोखर ऐकत असाल, तर त्यासाठी स्वतंत्र प्लेयर ठेवावाच लागेल.

चित्रपटांसाठी मात्र मी आपल्याला दुसरे यंत्र घ्यायला सांगणार नाही. आपला कन्सोल डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि फोर-के ब्ल्यू-रे या तिन्ही प्रकारच्या डिस्क लावतो. उणिवा आहेत, पण त्या ठरावीक आहेत. त्रिमितीय ब्ल्यू-रेची त्रिमिती त्यावर दिसत नाही. डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक उजेड जुळवणारे चित्रतंत्र) असलेली डिस्क लावल्यास चित्र एचडीआर १० या, उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या पण साध्या रूपात दिसते. प्रत्येक फोर-के एचडीआर डिस्कवर ते मूळ चित्र असतेच, त्यामुळे चित्रपट अडत नाही, केवळ दृश्यागणिक उजेड जुळवून घेणारी जादाची माहिती वापरली जात नाही. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे यांना प्रदेशाचे बंधन असते (एका प्रदेशासाठीची डिस्क दुसऱ्या प्रदेशातील यंत्रावर चालेलच असे नाही), फोर-के डिस्कना ते नसते, हे डिस्क मागवताना अवश्य लक्षात ठेवावे.

आवाजाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण टीव्हीसोबत ॲम्प्लिफायर किंवा साउंडबार जोडला असेल आणि डिस्कवर डॉल्बी ॲटमॉसचा, म्हणजे वरूनही आवाज आल्याचा भास देणारा, ट्रॅक असेल, तर चित्रपट सुरू असताना कंट्रोलरवरील ऑप्शन्स बटण दाबून तेथील सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट ‘बिटस्ट्रीम’ (डिस्कवरचा आवाज आहे तसाच पुढे पाठवणे) असा करावा. एरवी आवाजाचे डीकोडिंग (उलगडा) कन्सोल स्वतःच करतो आणि छतातून आल्यासारखा भासणारा ध्वनी, ज्यासाठी एवढी जोडणी केली, तो ऐकूच येत नाही.

प्रश्न : एक्सबॉक्सवरील स्ट्रीमिंग ॲपवर चित्रपट पाहताना कॅमेरा आडवा फिरला की चित्र हलके हिसके देते. टीव्हीतल्या ॲपवर तसे होत नाही. इंटरनेट मंद आहे का?

उत्तर : इंटरनेट मंद असेल तर चित्र धूसर होते किंवा थांबते; हिसके बहुधा निराळ्या कारणाने बसतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) असतो आणि कन्सोल टीव्हीला अनेकदा सेकंदाला ६० चौकटी पाठवतो. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. ही असमान चाल डोळ्यांना जाणवते. एक्सबॉक्सच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये २४ हर्ट्झला (सेकंदाला २४ चौकटींना) परवानगी देण्याचा पर्याय आहे, तो सुरू करून पाहावा. तरीही फरक पडला नाही, तर स्ट्रीमिंग टीव्हीतल्या ॲपवर किंवा टीव्हीला लावायच्या छोट्या स्ट्रीमिंग स्टिकवर पाहणेच उत्तम. अशा स्टिकला काही वॅट वीज पुरते, तर कन्सोल त्याच कामाला कित्येक पट वीज खर्च करतो. कन्सोलचे खरे मोल डिस्कमध्ये आहे : फोर-के डिस्कवरून सेकंदाला १०० मेगाबिटपेक्षाही अधिक माहिती वाचली जाऊ शकते, तर फोर-के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ मेगाबिटवर भागवावे लागते.

प्रश्न : एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये डिस्क-ड्राइव्ह नाही; त्याला तो बाहेरून जोडता येईल का?

उत्तर : नाही, यूएसबी ड्राइव्ह जोडला तरी तो चित्रपटाची डिस्क वाचणार नाही. डिस्क लावायच्या असतील तर त्या घराण्यातील सिरीज एक्स घ्यावा, तोही ड्राइव्ह असलेलाच, आणि डिस्क घालण्यापूर्वी ब्ल्यू-रेचे ॲप उतरवून घ्यावे.