ट्रॉलरच्या इंजिनात ऑइल आपोआप वाढतंय, डिझेलचा वास येतोय. मिस्त्री म्हणतात इंजिन खोला. खोलावं का?

आत्ता तरी खोलू नका.

तुम्ही लिहिलंय की इंजिन सहा सिलिंडरचं, डिझेल दाबणारा इंजेक्शन पंप इनलाइन. हंगामाच्या शेवटी डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेलं दिसलं, आणि मिस्त्रींचं म्हणणं "पिस्टनच्या रिंगा गेल्या, नवं किट टाका". १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठते म्हणून तुम्हाला घाई आहे, तेही समजलं. पण रिंगा गेल्या की ऑइल जळतं, धूर निळसर येतो, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफारा सुटतो आणि डिपस्टिकवर ऑइल खाली जातं. वर चढत नाही. तुमचं चढतंय, म्हणजे बाहेरून काहीतरी चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतंय. ते उतरायच्या जागा मोजक्या आहेत आणि बहुतेक सगळ्या पान्याने बाहेरून सुटणाऱ्या आहेत.

आधी ते डिझेलच आहे ना, हे बघून घ्या. बोटीवर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटमधून पाणीही येऊ शकतं. पाणी शिरलं की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, आणि तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला की तडतडतो. डिझेल मिसळलेलं ऑइल काळंच राहतं, फक्त पातळ होतं. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब तुमच्या ऑइलचा टाका, शेजारी त्याच ग्रेडच्या ताज्या ऑइलचा, आणि तासाभराने बघा. डिझेल असेल तर मधल्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट, तेलकट वर्तुळ लांबपर्यंत पसरलेलं दिसेल. ताज्याचं एवढं पसरत नाही.

आता खरी तपासणी, आणि तिला एक पैसा लागत नाही. ऑइल कधी वाढतं ते शोधायचं: इंजिन चालू असताना की बंद असतानाही? बोट ओढून शाकारून ठेवली असेल तर उत्तमच, जागची हलत नाही. पाण्यात असेल तर दोन्ही वेळा भरतीलाच माप घ्या. ओहोटीला बोट चिखलात कलंडते आणि डिपस्टिक वाटेल ते दाखवते. संध्याकाळी डिझेलच्या टाकीचा कॉक उघडा ठेवून डिपस्टिकवर बारीक खूण करा, सकाळी बघा. दुसऱ्या रात्री कॉक बंद ठेवून तेच करा. आपल्या बोटींवर टाकी बहुधा पंपापेक्षा उंचावर असते, त्यामुळे गळती पंपाकडे असेल तर इंजिन थंड पडलेलं असतानाही डिझेल आपल्या वजनाने उतरत राहतं. कॉक उघडा असताना वाढलं आणि बंद असताना नाही, तर नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांकडे) वळूच नका, सरळ पंपाकडे जा. फरक बारीक असेल तर दोन-तीन रात्री जाऊ द्या.

पंपाकडे म्हणजे आधी फीड पंप. मोठ्या इंजेक्शन पंपाला आपल्याकडे अजूनही मायको पंप म्हणतात, त्याच्या कुशीत तीन नटांवर बसलेला, त्याला टाकीतून डिझेल पुरवणारा तो छोटा पंप. त्याच्या आतली दांडी घासली की डिझेल तिच्या कडेने पाझरून मोठ्या पंपाच्या कॅमच्या खोलीत जातं. पंपाला ऑइल इंजिनातूनच मिळत असेल, तर तिथून ते थेट चेंबरमध्ये उतरतं. तपासायला नळ्या न काढता फक्त तीन नट सोडा, फीड पंप बाहेर ओढा, दांडीचं टोक फडक्याने कोरडं पुसा आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचं बटण) दाबत राहा. टोक कोरडंच राहायला हवं. ओलं झालं, थेंब धरला, तर चोर सापडला. काही इंजिनांना याऐवजी डायफ्रामचा लिफ्ट पंप असतो. त्यात डायफ्राम फाटला की हाच प्रकार होतो.

फीड पंप चांगला निघाला तर मोठ्या पंपाचे एलिमेंट, म्हणजे आतले डिझेल दाबणारे दट्ट्ये, बघावे लागतील. पंपाच्या खालच्या प्लगमधून थोडं ऑइल काढून बोटांत चोळा आणि चेंबरमधल्या ऑइलशी ताडून बघा. पंपातलं जास्त पातळ असेल तर डिझेल तिथूनच येतंय. हे काम मात्र धक्क्यावर करायचं नाही. पंप उतरवून कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या. पंपाचं ऑइल वेगळं असेल, तर त्याची स्वतःची पातळी वाढलीय का एवढंच बघायचं.

रात्रीत काहीच वाढलं नाही आणि फक्त इंजिन चालल्यावर वाढतं, असं निघालं तर इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर काढा. बऱ्याच इंजिनांत नोझलची रिटर्न नळी, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी, कव्हरच्या आतून जाते. तिचा तांब्याचा वायसर पुन्हा पुन्हा तोच वापरलेला असतो, किंवा नळीला केसाएवढी चीर गेलेली असते. आतला भाग पुसून कोरडा करा, इंजिन आयडलवर थोडा वेळ चालवा आणि टॉर्च मारून त्या नळीच्या जोडावरच्या पोकळ बोल्टच्या (बँजो बोल्ट) खाली बघा. काळ्या ऑइलवर डिझेलचा स्वच्छ ओघळ लगेच उठून दिसतो. पाच-पन्नास रुपयांच्या वायसरपायी इंजिन खोललेलं मी पाहिलंय, म्हणून एवढं सांगतोय.

तिथेही कोरडं असेल तर नोझल. टपकणारं नोझल लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) ऑइल धुऊन काढतं आणि डिझेल रिंगांच्या कडेने खाली जातं. त्या सिलिंडरचा ठोका वेगळा येतो, सकाळी पांढरा धूर येतो. सहाही नोझल काढून टेस्टिंगला द्या. प्रेशर तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असेल तेच ठेवायला सांगा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, तो कातडी भेदून आत जातो. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

इंजिन गरम ठेवणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा. थंड इंजिन तासन् तास आयडलवर ठेवलं की थोडं डिझेल न जळता खाली उतरतंच. पण बोटभर वाढ एवढ्याने होत नाही.

दोष सापडेपर्यंत इंजिन या ऑइलवर खाडीबाहेर नेऊ नका. पाचेक टक्के डिझेल मिसळलं तरी ४० ग्रेडचं ऑइल ३० सारखं वागायला लागतं, तापल्यावर प्रेशर पडतं आणि क्रँकचे बेअरिंग जातात. ऑइल फार वाढलं तर इंजिन तेच ओढून जाळायला लागतं, आणि मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. अशा वेळी हवा घेणाऱ्या तोंडावर फळी दाबून हवा तोडायची. हात लावायचा नाही.

दुरुस्ती झाली की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, लोडवर काही तास चालवा आणि पहिल्या फेरीनंतर ऑइल पुन्हा बदला. खर्च दिसतो, पण तळाशी राहिलेलं डिझेल त्यातच निघतं. काढलेलं ऑइल खाडीत नाही, ड्रममध्ये. मग इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलवरचं प्रेशर तुमच्या नेहमीच्या आकड्याशी ताडा. नवं ऑइल असूनही ते कमीच राहिलं, तर मात्र मिस्त्रींना बोलवा आणि खालून बेअरिंग बघायला सांगा.