शेजाऱ्याच्या कौलांवर झुकलेला रोगट माड: तोडायचा कोणी आणि कसा?

गोव्यातून आलेला प्रश्न असा आहे: माडाच्या बुंध्यातून तपकिरी चीक वाहतोय, मुळाशी टणक, चकचकीत अळंबी आलीय, झाड शेजाऱ्याच्या कौलांवर कललंय आणि शेजाऱ्याने लेखी तक्रार दिलीय. जबाबदारी कोणाची?

जमीन ज्याची, झाड त्याचं. तक्रार हातात पडली की धोका माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. उद्या माड पडून नुकसान झालं तर भरपाईच्या दाव्यात तोच कागद पुढे येईल. त्यामुळे आजच बुंध्याचे आणि कलाचे फोटो काढा, तारखेसह लेखी उत्तर द्या.

मात्र रोगट आहे म्हणून परस्पर कोयता चालवू नका. गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2016 साली माड या कायद्यातून वगळला होता, ती जुनी माहिती अजून लोक सांगत असतात. पुढे तो परत आत घेतला गेला. अर्जाला एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची सरकारी नोंद), सर्व्हे प्लॅन आणि फोटो जोडा. घोळ बहुतेक वेळा उताऱ्यावरच्या नावांत होतो: आजोबांचं नाव तसंच असतं, वारस दहा असतात आणि एकाचीच सही असते. सहहिस्सेदारांची संमती आधीच गोळा करा. मुंडकाराने (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याने) भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, सही घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये.

झाड आज-उद्या पडेल अशी स्थिती असेल तर याच कायद्याच्या कलम 12-अ खाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मालक हलत नसेल तर शेजाऱ्यालाही हाच मार्ग आहे.

आता प्रत्यक्ष तोडणी. वर्णनावरून हा गॅनोडर्मा नावाचा बुरशीचा रोग वाटतो. यात मुळं आणि बुंधा आतून कुजतात, वरून खोड धड दिसलं तरी. अशा माडावर पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) चढवू नका, कितीही सराईत असला तरी. त्याच्या वजनाने आणि हिसक्याने बुंधाच मोडतो. क्रेनने शेंडा धरून वरून तुकडे उतरवावे लागतात. वीजतारा जवळ असतील तर आधी वीज खात्याकडून लाईन बंद करून घ्या. हे सगळं मे महिन्यात उरकायला हवं, जूनच्या भिजल्या मातीत कललेलं झाड जास्त धोक्याचं.

माड आडवा झाला की लोक मोकळे होतात, आणि इथेच कुळागराचं (माड-पोफळींच्या बागेचं) नुकसान होतं. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. खोड उभं फोडून वाळवा आणि जाळून टाका. बुंधा मुळांसकट खणून काढा. गॅनोडर्मा मुळांतून पसरतो, म्हणून शेजारच्या निरोगी माडांभोवती बुंध्यापासून 4 फुटांवर 2 फूट खोल, 1 फूट रुंद चर मारा आणि दरवर्षी प्रत्येक माडाला 5 किलो निंबोळी पेंड ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळून द्या. शिंपणाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वाहू देऊ नका. परवानगीत नवीन झाड लावायची अट असेल तर रोप त्याच खड्ड्यात नको, दूर लावा.